बीएस्सी ॲग्री झाल्यावर एमएस्सी: नेमकं कसं असतं हे सगळं?

पेणचा_मामा
मंडळी, आमच्या घरात गेले पंधरा दिवस एकाच विषयावर परिसंवाद चालू आहे म्हणून शेवटी इथे विचारतोय. भाची बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, एका खासगी कॉलेजात. मार्क बरे आहेत, टॉपर वगैरे नाही. तिच्या बाबांचं म्हणणं लगेच एमपीएससीच्या मागे लाग, आईचं म्हणणं बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याची म्हणजे एएफओची परीक्षा दे आणि मोकळी हो, आणि पोरीला करायचंय एमएस्सी. का, तर म्हणे ब्रीडिंग शिकायचंय, नवीन वाण काढायचेत. मी कॉमर्सवाला, आयुष्यात कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावलं नाही आणि तीही दोनदा गेली. पण मामा म्हणून मध्यस्थीची जबाबदारी माझ्यावर आलीय.
तर प्रवेश कसा होतो, दोन वर्षांतच संपतं ना (एकाने तीन लागतात असं सांगून घाबरवलंय), चार विद्यापीठांपैकी कुठलं चांगलं, आणि गाइड आपण निवडायचा की ते देतील तो घ्यायचा? शिवाय शेजारचा मुलगा बीएस्सी बॉटनी करतोय, तो पण विचारतोय मला हेच करता येईल का. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वऱ्हाडी_ठेचा
चारपैकी कोणतं चांगलं हे काय विचारणं झालं मामा? अकोला. विषय संपला, धागा बंद करा.

मालदांडी
परभणीचं नाव न घेता धागा कसा काय बंद होतो म्हणे?

खाचर
दापोली. हवा चांगली, आंबे चांगले, समुद्र पाच-सात मैलांवर. थीसिस होईल तेव्हा होईल.

बांधावरचा
झालं सुरू. मामा, यांच्याकडे लक्ष देऊ नका, मी सरळ सांगतो.
आपल्याकडे चार कृषी विद्यापीठं, राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. चौघांवर मिळून पुण्याची कृषी परिषद आहे. राज्यातल्या जागांसाठी सीईटी द्यायची, मग परिषदेमार्फत चारही विद्यापीठांच्या एकत्र फेऱ्या होतात. म्हणजे राहुरीचा वेगळा फॉर्म, अकोल्याचा वेगळा असं नाही, पसंतीक्रम भरायचा, विषय आणि कॉलेज दोन्हीचा. दुसरा रस्ता म्हणजे आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, देशपातळीवरची परीक्षा, आता एनटीए घेते. त्यातून देशभरातल्या कुठल्याही कृषी विद्यापीठात किंवा दिल्लीच्या पुसाला म्हणजे आयएआरआयला जाता येतं. या परीक्षेत आधीच विषयगट निवडावा लागतो, ब्रीडिंग हवं असेल तर प्लांट सायन्सेस, त्यातच पॅथॉलॉजी म्हणजे रोगशास्त्र पण येतं. पिकांच्या लागवडीचं ॲग्रोनॉमी वेगळा गट, किडींचं एंटोमॉलॉजी वेगळा, हॉर्टिकल्चर वेगळा. वरच्या रँकला आयसीएआरची पीजी स्कॉलरशिप मिळते, महिना १२,६४०. आणि त्या परीक्षेतून परराज्यात गेलं तर एनटीएस नावाची शिष्यवृत्ती म्हणून महिना ५,००० मिळतात. भाचीला दोन्ही परीक्षा द्यायला सांगा, अभ्यास बऱ्यापैकी एकच आहे.
एक छोटी गंमत, ती "ब्रीडिंग डिपार्टमेंट" शोधायला गेली तर आपल्याकडे त्या नावाची पाटी बहुतेक दिसणार नाही. पाटीवर असतं "कृषी वनस्पतीशास्त्र विभाग". त्याच्या पोटात ब्रीडिंग, फिजिऑलॉजी, सीड टेक्नॉलॉजी सगळं.

पेणचा_मामा
वा बांधावरचा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण मग शेजारच्या बॉटनीवाल्याला त्या पाटीखाली जागा मिळायला काय हरकत आहे? नाव तर तेच आहे की.

हर्बेरियम_ताई
मामा, नाव सारखं आणि घराणं वेगळं. मी तीस वर्षं बॉटनी शिकवलं, दरवर्षी दोन-तीन मुलं हाच प्रश्न घेऊन यायची.
साध्या विद्यापीठातलं बॉटनी यूजीसीच्या छत्राखाली आणि शेतीशिक्षण आयसीएआरच्या. बीएस्सी ॲग्री पहिल्यापासून चार वर्षांचं, त्यात माती, कीड, अर्थशास्त्र, विस्तार, सहा महिने खेड्यात शेतकऱ्यांसोबत कामाचा अनुभव म्हणजे रावे, सगळं येतं. बॉटनीवाल्याकडे शेवाळापासून सपुष्प वनस्पतींपर्यंतचं ज्ञान असतं पण त्याने पिकाचा हंगाम बघितलेला नसतो. त्यामुळे ॲग्रीच्या बहुतेक पीजी विषयांना बीएस्सी ॲग्री किंवा हॉर्टिकल्चर हीच पात्रता मागतात. बायोटेक, स्टॅटिस्टिक्स अशा काही ठिकाणी दार किलकिलं असतं, ते त्याने त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं.
पण त्याला म्हणावं दार बंद झालं म्हणून रडू नको. एमएस्सी बॉटनी करून सीएसआयआर नेट ही परीक्षा काढली तर पीएचडीला जेआरएफ ही फेलोशिप महिना ३७,००० आहे, आणि पिकांवर काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेतच की. पुण्याच्या आघारकर संस्थेत गहू, सोयाबीनवर काम चालतं, एमएसीएस नावाने सुरू होणारे वाण तिथलेच. आघारकर स्वतः बॉटनिस्ट होते. मागच्या दाराने का होईना पण शेतात जाता येतं.

रोखठोक
सगळं छान पण खरं कुणी बोलत नाहीये. एमएस्सी ॲग्री म्हणजे एमपीएससीची वेटिंग रूम आहे. स्वस्त हॉस्टेल, चोवीस तास रीडिंग रूम, आणि घरी सांगायला "शिकतोय". आमच्या बॅचला ब्रीडिंगचे अकरा जण होते, त्यातल्या नऊ जणांच्या टेबलावर राज्यव्यवस्थेची पुस्तकं. मी पण त्यातलाच, खोटं कशाला बोलू. आज तालुक्याला ऑफिसात बसतो, लाइन बाय टेस्टर हे संकर तपासायचं ॲनालिसिस कधीच लागलं नाही. भाचीला सरळ अभ्यासाला बसवा, दोन वर्षं वाचतील.

केळफूल
रोखठोक, तुमचं तुम्हाला लखलाभ. बाकीच्या दोघांचं काय झालं ते पण सांगा ना?

रोखठोक
एक जण जालन्याला बियाणं कंपनीत ब्रीडर आहे, माझ्या दुप्पट पगार घेतो. दुसरी पीएचडी करून एआरएस म्हणजे कृषी संशोधन सेवेत शास्त्रज्ञ झाली. बरं, ठीक आहे, समजलं.

केळफूल
हाहा, हेच तर. आता मामांच्या मुख्य प्रश्नाकडे येते, दोन वर्षं की तीन. माझं एमएस्सी हॉर्टिकल्चर, पीएचडी पण तिथेच, त्यामुळे हे दळण मी दोनदा दळलंय.
कागदावर चार सेमिस्टर. नव्या अभ्यासक्रमात एमएस्सीला एकूण ७० क्रेडिट. मुख्य विषयाचे २०, मायनर म्हणजे दुय्यम विषयाचे ८, सपोर्टिंगचे ६ (यात बहुतेक वेळा स्टॅटिस्टिक्स असतंच), सेमिनारचा १, आणि ५ क्रेडिटचे सगळ्यांना कॉमन असलेले छोटे कोर्स, लायब्ररी कशी वापरायची, टेक्निकल रायटिंग, आयपीआर, लॅबची मूलतत्त्वं वगैरे. उरलेले ३० थीसिसचे. म्हणजे बघा, जवळजवळ निम्मी डिग्री शेतात आणि लॅबमध्ये आहे. पीएचडीला तर १०० पैकी ७५ संशोधनाचे.
पहिली दोन सेमिस्टर वर्ग, जर्नल, प्रॅक्टिकल, मिडटर्म, जवळजवळ बीएस्सीसारखंच फक्त वर्गात साठऐवजी सहा जण, त्यामुळे दांडी मारली की कळतं. याच काळात गाइड ठरतो, मग ॲडव्हायझरी कमिटी, म्हणजे गाइड अध्यक्ष आणि मायनर, सपोर्टिंगच्या विषयातले एकेक मेंबर. त्यांच्या सह्या घेऊन कोर्सचा आराखडा आणि संशोधनाचा सिनॉप्सिस सादर करायचा. या सह्या गोळा करणं हा स्वतंत्र तीन क्रेडिटचा कोर्स असायला हवा होता. एक मेंबर मीटिंगला, एक रजेवर, एक शेतावर, आणि तुम्ही फाइल छातीशी धरून सायकलवर.
तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला प्रयोग, निरीक्षणं, लिखाण, बाहेरचा परीक्षक, व्हायवा. आता यात दोनाची तीन वर्षं कुठे होतात ते कुणीतरी शेतवाल्याने सांगा, मी झाडवाली.

टी_सात
मी सांगतो. माझं नाव इथे टी_सात का आहे याची ही कथा आहे.
विषय ॲग्रोनॉमी, पीक सोयाबीन, आठ ट्रीटमेंट म्हणजे तुलना करायच्या आठ पद्धती, प्रत्येकीची तीन रेप्लिकेशन म्हणजे पुनरावृत्ती, चोवीस प्लॉट, साधा आरबीडी म्हणजे प्लॉट गटागटाने मांडायची रचना. एरर डीएफ हा संख्याशास्त्रातला आकडा १४ येतो, किमान १२ हवा असतो त्यामुळे गाइड खूश. सिनॉप्सिस वेळेत पास झाला, पेरणी वेळेत, पाऊस सुद्धा वेळेत, असं वर्ष दहा वर्षांत एकदा येतं. प्रत्येक प्लॉटमध्ये पाच झाडांना टॅग लावलेले, ३० दिवसांनी उंची, फांद्या, पानं, ४५ दिवसांनी परत, ६० ला परत. टी सात ही ट्रीटमेंट नुसती डोळ्याने ओळखू येत होती इतकी जोरात होती. मी तर मनातल्या मनात शिफारस पण लिहून काढली होती, जॉइंट ॲग्रेस्कोत म्हणजे चारही विद्यापीठांच्या शिफारशी ठरवणाऱ्या बैठकीत टाळ्या वगैरे. शेंगा भरत आल्या आणि गणपतीला तीन दिवस घरी गेलो.
परत आलो तर रानडुकरं येऊन गेली होती. चोवीसपैकी नऊ प्लॉट नांगरल्यासारखे. टी सातचे तिन्ही रेप्लिकेशन गेले. तिन्ही! शेजारी टी एक म्हणजे कंट्रोल, त्याला तोंडसुद्धा लावलं नाही.
एक प्लॉट गेला तर मिसिंग प्लॉटचं सूत्र लावून किंमत काढता येते, पण अख्खी ट्रीटमेंटच गेली तर कशाची किंमत काढणार. गाइड शांतपणे म्हणाले, पुढच्या खरिपात परत लाव. एक वर्ष तिथे गेलं मामा. कुंपणाची मागणी मी जूनमध्येच केली होती, मंजुरीचं पत्र डिसेंबरात आलं. कुठलं विद्यापीठ ते विचारू नका.

वऱ्हाडी_ठेचा
मंग डुकराइले कोणती ट्रीटमेंट सिग्निफिकंट वाटली हे तरी थीसिसमध्ये टाकाचं होतं. त्याइचं ऑब्झर्वेशन तुह्या पेक्षा पक्कं.

टी_सात
व्हायवाला बाहेरून आलेले सर हेच म्हणाले. म्हणाले पॅलेटॅबिलिटीवर एक पेपर होऊन जाईल.

जुना_फॅकल्टी
टी_सात यांचं वाचून हसलो आणि वाईटही वाटलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत डुकरं, गायी, नीलगायी, गारपीट, आणि एकदा तर मजुरांनी सगळ्या प्लॉटचं पीक एकत्र कापून एकच सुंदर ढीग लावला होता, असं सगळं बघितलं. त्या ढिगापुढे बसून रडणारा मुलगा आज स्वतः विभागप्रमुख आहे.
थोडं मागचं सांगतो, धाग्याला अवांतर झालं तर माफ करा. ही क्रेडिट, सेमिस्टर, मेजर-मायनर, ॲडव्हायझरी कमिटी ही पद्धत मुळात अमेरिकेच्या लँड-ग्रँट विद्यापीठांकडून आलेली. तिकडे १८६२ च्या मॉरिल कायद्याने ती विद्यापीठं उभी राहिली, १८८७ ला प्रयोगकेंद्रं जोडली, १९१४ ला विस्तारकार्य, म्हणजे शिकवणं, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत पोचवणं एका छपराखाली. आपल्याकडे पुसाची संस्था १९०५ ची, बिहारमध्ये होती. १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ ला दिल्लीला आली आणि तिथे १९५८ पासून पोस्ट ग्रॅज्युएट स्कूल अभिमत विद्यापीठ म्हणून चालू झालं. मग १९६० ला पंतनगर, आणि त्या वळणावर आपली चारही. त्याआधी पुणे, नागपूर इथली कृषी महाविद्यालयं साध्या विद्यापीठांनाच जोडलेली होती. त्यामुळे मामा, तुमची भाची ज्या चौकटीत जाईल त्यात कमिटी अमेरिकेची, प्लॉटची रचना इंग्लंडची आणि पाऊस आपला. आरबीडी हे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी रोथॅमस्टेडच्या शेतावर १९२० च्या दशकात मांडलेलं.

मालदांडी
सर, आणि पानसे-सुखात्मे विसरलात काय? भारतभरच्या ॲग्रीच्या थीसिसात मटेरियल अँड मेथड्सच्या शेवटी जे वाक्य असतंय ना, "माहितीचं विश्लेषण पानसे व सुखात्मे यांच्या पद्धतीनुसार", ते दोघंबी आपले मराठी. सुखात्मे साताऱ्याकडचे, नंतर रोमला एफएओत संख्याशास्त्राचं काम बघत होते. हरियाणातला पोरगा बी थीसिस लिहिताना या दोघांना नमस्कार करून जातोय. आम्ही हॉस्टेलात म्हणायचो, गाइडनंतर पानसे-सुखात्मे, मग आईवडील.

जुना_फॅकल्टी
अगदी. ते पुस्तक १९५४ चं, आयसीएआरनेच काढलेलं. आणि बरेच विद्यार्थी ते न उघडता उद्धृत करतात हेही नमूद करतो.

केळफूल
सर, ऑपस्टॅट या वेबसाइटवर डेटा पेस्ट केला की सीडी, म्हणजे फरक खरा की योगायोगाचा ते सांगणारा आकडा, येते, उघडायचं कशाला. (मारू नका.)

तुषारसिंचन
मी ऐकलंय नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सी एकच वर्षाची झालीय, मग कशाला दोन-तीन वर्षांची चर्चा?

हर्बेरियम_ताई
तुषारसिंचन, ते साध्या विद्यापीठांत. तिथे पदवी आता चार वर्षांची करता येते आणि तशी चार वर्षं करणाऱ्याला पीजी एक वर्षात. ॲग्रीची पदवी पहिल्यापासूनच चार वर्षांची होती आणि तरी एमएस्सी दोन वर्षांचीच आहे. एका वर्षात खरीपच एक येतो हो, कोर्स कधी करायचे आणि प्रयोग कधी लावायचा?

बांधावरचा
ताईंनी एका वाक्यात सगळं सांगितलं. मामा, हंगाम हाच खरा वेळापत्रकवाला आहे, विद्यापीठाचं कॅलेंडर नाही. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, आणि त्या लांबतातच, की पोरं हॉस्टेलवर पोचेपर्यंत पहिला खरीप संपलेला असतो. तो तसाही कोर्समध्ये जातो म्हणा. दुसऱ्या वर्षीचा खरीप हा एकमेव. तो साधला तर नोव्हेंबरपासून लिहायला आठ महिने मिळतात आणि दोन वर्षांत सुटका. रब्बीचं पीक मिळालं, हरभरा किंवा रब्बी ज्वारी, तर मार्चला काढणी आणि लिहायला तीन महिने, धावपळ होते पण होतं.
ब्रीडिंगला तर अजून गोम आहे. लाइन बाय टेस्टर घेतलं समजा, चार लाइन तीन टेस्टर, म्हणजे बारा क्रॉस. ते क्रॉस आधीच्या हंगामात करून बी हातात पाहिजे, तेव्हा पुढच्या खरिपात त्यांची आणि सात पालकांची चाचणी लागणार. म्हणजे सिनॉप्सिस पास व्हायच्या आधीच उन्हाळी प्लॉटमध्ये क्रॉसिंग करून मोकळं व्हायचं. ज्याचा गाइड जानेवारीत म्हणतो "चल, पेरून घे, कागद नंतर बघू" त्याची दोन वर्षं. ज्याचा गाइड म्हणतो "आधी सह्या आण" त्याची तीन. मी कापसात होतो, दुपारी कळीचं इमॅस्क्युलेशन म्हणजे पुंकेसर काढणं, दुसऱ्या दिवशी सकाळी परागीभवन, बोटं सुजायची, आणि शंभर फुलं केली तर त्यातली कितीतरी गळून जायची. पण पहिलं बोंड धरलं आणि त्याला माझ्या अक्षरातला टॅग होता, ते अजून आठवतं.

गॅलरीतला_माळी
हे सगळं वाचून मला कॉमर्सला गेल्याचा पश्चात्ताप होतोय आणि आनंदही होतोय, एकाच वेळी.

सायकलवाली
नमस्कार, नेदरलँड्समधून. राहुरीला बीएस्सी, मग इकडे वाखेनिंगेनला प्लांट सायन्सेसमध्ये एमएस्सी, ब्रीडिंगच. तुलना म्हणून लिहिते.
इकडे दोन वर्षं म्हणजे १२० ईसी, ईसी म्हणजे इकडचे क्रेडिट. वर्षाचे सहा छोटे पीरियड, एका वेळी दोनच कोर्स, संपले की लगेच परीक्षा. दुसरं वर्ष जवळजवळ पूर्ण थीसिस आणि इंटर्नशिप, ३६ आणि २४ ईसी. थीसिस सहा महिन्यांचा आणि सहा महिने म्हणजे सहाच महिने, कारण तुम्ही चालू प्रकल्पाचा एक तुकडा घेता, बहुतेकदा एखाद्या पीएचडीवाल्याच्या हाताखाली. झाडं ग्रीनहाऊसमध्ये, पेरणी कुणी आधीच करून ठेवलेली असते. सुपरवायझरला नावाने हाक मारायची, हे मला तीन महिने जमलं नाही, मी प्रत्येक ईमेलात सर लिहायची, शेवटी त्यांनीच विचारलं की सर म्हणजे माझ्या आडनावाचा भाग आहे का.
पण एक सांगते. आमच्या ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी शेतात नेलं आणि विचारलं ब्लॉक कुठल्या दिशेने टाकाल, तर उतार बघून लगेच उत्तर देणारी मी एकटी. रावे आणि बीएस्सीच्या प्रॅक्टिकलची कृपा. मॉलिक्युलर मार्करमध्ये म्हणजे डीएनएवरच्या खुणांच्या कामात मात्र मी सगळ्यात मागे होते. आणि फी फार आहे, स्कॉलरशिप नसेल तर विचार करून या.

मक्याच्या_देशात
अमेरिकेतून भर घालतो. इथे आधी विद्यापीठ नाही, आधी प्रोफेसर. त्याच्याकडे प्रकल्पाचा पैसा असेल तर तो असिस्टंटशिप देतो, ट्यूशन माफ होते आणि खर्चापुरता पगार मिळतो. म्हणून अर्ज भरायच्या आधी शंभर ईमेल पाठवायच्या, नव्वदांना उत्तर येत नाही. गाइड आवडला नाही तर बदलणारे लोक मी इथे बघितलेत, त्याचा फार बाऊ होत नाही. आपल्याकडे गाइड बदलणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं.

मालदांडी
गाइडचा विषय निघालाच हाय तर बोलतो. मामा, विद्यापीठ कोणतं ते राहू द्या. एकाच डिपार्टमेंटात एका गाइडची पोरं जूनमध्ये थीसिस बांधून मोकळी आणि शेजारच्या केबिनची पोरं अजून सरांच्या घरचा गॅस सिलिंडर आणतेत. आपण निवडायचं का ते देतेत, तर बहुतेक ठिकाणी विभागप्रमुख वाटप करतेत, मेरिट बघून, गाइडकडं आधीची किती पोरं हायत ते बघून. पसंती विचारतेत, पण दिलीच पाहिजे असं काही नसतंय. तरी सांगायचं, जाऊन भेटायचं. न भेटणाऱ्याला उरलेला गाइड मिळतोय.

खाचर
मालदांडीशी सहमत. माझा विषय फळशास्त्र, आंब्याचं कोयकलम, शेडनेटखाली आणि उघड्यावर किती टक्के कलमं जगतात. ऐकायला किरकोळ वाटतं ना, पण पावसाळ्यात कोवळ्या कोयीवर कलम बांधायला बसलो की पाठीचा काटा ढिला. गाइड सत्तर किलोमीटरवरून स्कूटरवर बघायला यायचे, रेनकोट घालून माझ्या शेजारी बसून स्वतः वीस कलमं बांधायचे. टक्केवारीला आर्कसाइन ट्रान्सफॉर्मेशन का लावायचं ते त्यांनी मला त्या चिखलात बोटाने आकडे काढून शिकवलं, वर्गात तीनदा ऐकूनही कळलं नव्हतं. मगाशी हवा, आंबे, समुद्र म्हटलं ती मस्करी होती. रत्ना आणि सिंधू हे हापूसच्या घरातले संकर कोकणातच झाले, तर आंब्यात काम करायचं तर इथेच यायला हवं, एवढंच खरं म्हणणं.

वऱ्हाडी_ठेचा
आता हे बाकी बराबर बोलला. पिकामागं जावं. कापूस असंल तं अकोला नाही तं नांदेडचं केंद्र, ऊस असंल तं पाडेगाव, रब्बी ज्वारी असंल तं मोहोळ. पोरीले आधी इचारा का बाई तुले कोन्या पिकात जीव लावाचा हाय.

रोखठोक
मी वेटिंग रूम म्हणालो होतो ते थोडं मागे घेतो, पण पूर्ण नाही. घरून पैसे येत नसतील तर १२,६४० सगळ्यांना मिळत नाहीत हे पण लिहा. माझ्या बॅचमधले दोघं थीसिसच्या मजुरांचे पैसे स्वतःच्या खिशातून देत होते. प्रकल्पात ज्याचा प्रयोग बसतो त्याला खत, बी, मजूर मिळतं. ज्याचा बसत नाही तो मित्रांना वडापाववर खुरपायला नेतो. आणि शिकवण्याच्या नोकरीसाठी पुढे एएसआरबीची म्हणजे कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट लागते, सीएसआयआरची नाही, हे पण भाचीला आत्ताच कळू दे. विद्यापीठांत भरती कधी निघेल ते ब्रह्मदेवाला माहीत. केव्हीकेत म्हणजे कृषी विज्ञान केंद्रात विषयतज्ज्ञ व्हायला मात्र एमएस्सी उपयोगी पडते.

टी_सात
वडापाववर नेलेल्या मित्रांनी माझे दोन टॅग लावलेले सोयाबीन गवत समजून उपटले होते. मैत्री अजून आहे.

पेणचा_मामा
काय लिहिलंत लोकहो, प्रिंट काढून बहिणीच्या घरी नेऊन वाचून दाखवलं. डुकरांच्या भागाला मेहुणे इतके हसले की एमपीएससीचा विषय त्या संध्याकाळी निघालाच नाही. भाचीने रोखठोक यांचं दोनदा वाचलं आणि मग गप्प होती. तिला तूर आवडते म्हणे, आजोळी आमच्याकडे तुरीचं शेत होतं, मर रोगाने गेलेली झाडं तिने लहानपणी बघितलीत. मला हे माहीतच नव्हतं. तर तुरीसाठी कुठे? आणि तिने तिथे जाऊन नेमकं काय विचारावं, कारण ती गाइडसमोर तोंड उघडणार नाही हे मी लिहून देतो.

जुना_फॅकल्टी
तुरीत मर रोगाला प्रतिकारक्षम वाण हा ब्रीडिंग आणि पॅथॉलॉजी दोन्हींच्या मधला विषय आहे, मेजर ब्रीडिंग आणि मायनर पॅथॉलॉजी घेता आली तर उत्तम. तुरीवर मराठवाड्यात बदनापूरच्या केंद्रावर बरंच काम झालेलं आहे, विदर्भात अकोल्यालाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे, तूर त्यांच्या मुख्य पिकांपैकी एक. फक्त एक लक्षात ठेवा, खरिपात पेरलेली तूर काढणीला डिसेंबर-जानेवारी उजाडतो, सोयाबीनसारखी ऑक्टोबरात मोकळी होत नाही. लिहायला महिने कमी उरतात.

केळफूल
आणि गाइडसमोर तोंड उघडू नको म्हणावं, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर उघड. कॅन्टीनमध्ये सिनियरला चहा पाज आणि तीन गोष्टी विचार. तुझा सिनॉप्सिस कुठल्या महिन्यात पास झाला, मजुरांचे पैसे कोण देतं, आणि मागच्या तीन मुलांनी थीसिस कधी सबमिट केला. सिनियर खोटं बोलत नाहीत, उलट थांबतच नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
अन् चहासंगं समोसा पण. समोसा नसंल तं डेटा अपुरा येते.

पेणचा_मामा
बराच काळ झाला, धागा वर काढतोय. दोन्ही परीक्षा झाल्या, राज्याच्या फेरीत ब्रीडिंग मिळालं. कुठे ते सांगत नाही, नाहीतर चार विद्यापीठांचं परत सुरू होईल. खाली तीच लिहितेय, माझ्याच आयडीवरून.

नमस्कार, मी भाची. सगळ्यांचं वाचलंय. काल सिनियर दीदीसोबत समोसे खाल्ले, चार. तिचा सिनॉप्सिस फेब्रुवारीत पास झाला होता, मजूर प्रकल्पातून मिळाले, आणि मागच्या तिघांपैकी दोघांनी वेळेत सबमिट केलं, तिसऱ्याचं मध्येच लग्न झालं. सर म्हणाले तूर चालेल, पण क्रॉसिंगसाठी सकाळी सातला शेतात हजर पाहिजे. नंतर प्लॉट बघून आले. टी_सात दादा, चारही बाजूंनी कुंपण आहे. एका कोपऱ्यात खाली भोक आहे, ते मी सरांना दाखवलं.

टी_सात
फोटो काढून ठेव. आणि मागणीचं पत्र आजच दे.